दुसऱ्या पट्टीचं पाकीट

रंगनाथ उजगरे गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न बजेटचा विचारत नसे. तो विचारायचा, "पुढल्या साली हितंच हाईत का?"

नवीन माणूस गोंधळायचा. संगणक घ्यायला आलेल्याला पुढच्या वर्षीचा ठावठिकाणा कशाला विचारायचा? काही जण चिडायचे. एका ग्रामसेवकाने, "कावून? तुमी माझी बदली करनार का?" असं उलट विचारलेलं मी ऐकलं आहे. रंगनाथ हसला नाही. म्हणाला, "बदली व्हनार असंल तर वेगळा कंपूटर, न्हाई तर वेगळा."

त्याचं दुकान माजलगावच्या जुन्या बसस्थानकासमोर, चपलांचं दुकान आणि रसवंती यांच्या मधल्या दहा फुटांत होतं. पाटीवर मालकाचं नाव नव्हतं. 'संगणक जोडून मिळेल. टायपिंग. झेरॉक्स.' एवढीच अक्षरं. आत डाव्या हाताला रंगनाथचं टेबल, उजव्या हाताला त्याची बायको सुमनताई यांचं. त्या टायपिंग करायच्या, लग्नपत्रिका आणि अर्ज जुळवायच्या. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. कार्यालय म्हणजे भाड्याची खोली, त्यामुळे दिवसातला बराच वेळ या दोन टेबलांच्या मधल्या स्टुलावर जायचा.

प्रश्नाचं कारण असं. स्वस्तातल्या मदरबोर्डवर रॅम बसवायला दोनच खाचा असतात. रॅमच्या कांडीला रंगनाथ पट्टी म्हणायचा. तेवढ्याच पैशांत दोन लहान पट्ट्या घेता येतात किंवा एक मोठी. दोन सारख्या पट्ट्या असतील तर त्या जोडीने काम करतात आणि संगणक चपळ होतो. पण दोन्ही खाचा भरल्या की पुढे वाढवायला जागा उरत नाही. वाढवायचं तर दोन्ही लहान पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. एकच मोठी घेतली तर संगणक थोडा मंद चालतो, मात्र एक खाच मोकळी राहते. वर्षाने पैसे आले की तिथे जोडीदार पट्टी बसवायची.

रंगनाथचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याने हाच हिशेब संगणकाला लावला होता. "एक पट्टी म्हंजे अर्धा कोयता," तो सांगायचा. "काम व्हतंय. पर मोळी उचलून डोक्यावर द्यायला दुसरं माणूस न्हाई." माजलगाव, तेलगाव, धारूरकडच्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नसे.

तेव्हा जो पुढच्या वर्षी इथे असणार, त्याला तो आज एक मोठी पट्टी द्यायचा. जो नसणार, त्याला आजच जोडी.

इथपर्यंत कुठल्याही शहाण्या दुकानदाराचं डोकं चाललं असतं. रंगनाथची खासियत पुढे होती. दुसरी पट्टी वर्षाने बाजारातून आणली तर ती पहिलीशी जुळेलच असं नाही. कंपनी तीच, आकडे तेच, तरी दोघी भांडतात आणि संगणक मधेच बंद पडतो. म्हणून तो पट्ट्या जोडीनेच आणायचा. एक गिऱ्हाइकाच्या संगणकात बसवायची आणि तिची जोडीदार त्याच्या नावाने पाकिटात घालून ठेवायची. पाकिटं सुमनताईंच्या टेबलावरून यायची. छापून उरलेल्या लग्नपत्रिकांची. वर सोनेरी अक्षरांत कुणाकुणाचा शुभविवाह, त्याखाली बॉलपेनने रंगनाथचं अक्षर: नाव, गाव, तारीख. ही पाकिटं एका स्टीलच्या डब्यात उभी लावलेली असत. लोक दोन-दोन वर्षांनी यायचे. रंगनाथ डबा उघडायचा, बोटाने पाकिटं मागे सारायचा आणि म्हणायचा, "ही घ्या तुमची नवरी."

हे सगळं मी एकदा बातमीत लिहिलं. जिल्हा पानावर, फोटोसह, दोन कॉलम. त्याने कात्रण लावलं नाही. "लोकं बघून पाकिटं मागाया येतील," एवढंच म्हणाला.

तो पट्टीला हात लावण्याआधी दुकानाच्या शटरला हात लावायचा. अंगात साठलेली वीज लोखंडात जावी म्हणून. अंगठा पट्टीच्या सोनेरी दातांवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या कडेवर, कधी पडू द्यायचा नाही. पट्टी दोन्ही कडांनी धरायचा, फोटो धरतात तशी. टेबलाच्या खणात शाळेची खोडरबरं असायची. बंद पडलेल्या दहा संगणकांपैकी निम्मे तो पट्टीचे दात खोडरबराने पुसून चालू करायचा आणि त्याचे पैसे मागायचा नाही.

पाटोद्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, जाधव गुरुजी. वय पंच्याहत्तरच्या पुढे. लेक माजलगावात दिलेली, म्हणून संगणक घ्यायला इथे आले. त्यांना आपल्या आठवणी स्वतःच्या हाताने टाइप करायच्या होत्या. रंगनाथने सगळं विचारलं, पण तो प्रश्न विचारला नाही. गुपचूप दोन पट्ट्या काढल्या आणि बसवायला लागला. गुरुजी स्टुलावर बसून बघत होते. त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"का रे, त्याला विचारलंस पुढल्या साली हितंच का म्हणून. मला न्हाई विचारलंस?"

रंगनाथचा हात थांबला. मग म्हणाला, "गुरुजी, पाटोदा लांब पडतंय."

"पाटोदा लांब पडतंय का मी?" गुरुजी म्हणाले आणि एवढे हसले की सुमनताईंनी त्यांना पाणी दिलं.

गुरुजी त्यानंतर बरीच वर्षं फोन करत राहिले. एकदा मी समोर होतो. रंगनाथने फोन स्पीकरवर टाकला.

"रंगनाथ, हा ओरडतोय."

"कसा ओरडतोय? फोन कंपूटरच्या डब्याला लावा."

पाटोद्याहून बीप ऐकू आल्या. रंगनाथने डोळे मिटले आणि बोटावर मोजलं. "पट्टी ढिली झाली. घरात खोडरबर हाय का?"

"मास्तराच्या घरात खोडरबर विचारतोस?"

"बरं, आधी खिडकीच्या गजाला हात लावा."

"का, शॉक बसतो?"

"तुमाला न्हाई, गुरुजी. पट्टीला."

पुढची दहा मिनिटं पट्टी काढणं, पुसणं, परत बसवणं. "चट्ट वाजलं का? दोनी बाजूनं वाजलं का?" शेवटी तिकडून संगणक सुरू झाल्याचा आवाज आला. रंगनाथने फोन ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान होतं ते मी एरवी कधी पाहिलं नाही.

आता सुमनताईंबद्दल.

त्यांचंही बालपण ऊसतोडीवरच गेलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांच्या भागात जायचं, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, उन्हाळ्यात गावी परत. शाळा अर्धं वर्ष. सातवीनंतर लग्न झालं. दहावी लग्नानंतर दिली, टायपिंगची परीक्षाही. रंगनाथ बोलायला लागला की ऐकणारे माना डोलवायचे. सुमनताई एकच वाक्य बोलायच्या आणि दुकान हसायचं.

त्या एक अंकलिपी करत होत्या. तोडीवर आई-बापांबरोबर जाणाऱ्या पोरांसाठी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बाजारातल्या अंकलिपीतलं काहीच त्या पोरांनी बघितलेलं नसतं.

"क कमळाचा," त्या म्हणायच्या. "कमळ मी लग्नानंतर बघितलं, ते बी कॅलेंडरवर. य यज्ञाचा. आमच्या कोपीवर कोन यज्ञ करत व्हतं?"

त्यांच्या पुस्तकात क कोयत्याचा होता. प पाचटाचा, म मोळीचा, व वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, ट टायरगाडीचा. ध धुराड्याचा, कारखान्याच्या. ग गव्हाणीचा, जिच्यात ऊस टाकतात. चित्रं त्यांची स्वतःची. चुकलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढायच्या, स्कॅन करायच्या, मग पडद्यावर रंग भरायच्या. ड आणि ढ यांचा फरक बोटाने गिरवता यावा म्हणून अक्षरं वीतभर मोठी ठेवली होती. ज्ञ तेवढा अडला होता. येईल त्याला त्या विचारायच्या, "ज्ञ ला काय घालू?" लोक 'ज्ञान' सुचवायचे. "त्याचं चित्र कसं काढू?" त्या विचारायच्या.

पुस्तकाचं काम सकाळी नऊ ते दहा. दहानंतर गिऱ्हाइकं.

त्यांचा संगणक रंगनाथने जोडला होता. पट्टी एक, खाच एक मोकळी. जोडीदार पट्टी डब्यात, पाकिटावर नाव: सुमन. गाव: इथेच. तो घरातला विनोद होता.

स्कॅन केलेली चित्रं जड असतात. ट पर्यंत फाईल कशीबशी उघडायची, पुढे संगणक गोठायचा. मग सुमनताईंनी पुस्तकाचे चार तुकडे केले. त्यातला एक उघडायलाही वेळ लागायचा. त्या फाईलवर टिचकी मारायच्या आणि भुईमुगाच्या शेंगांची वाटी पुढे ओढायच्या. फाईल उघडेपर्यंत वाटीभर शेंगा सोलून व्हायच्या. दुपारच्या चटणीची, उद्याच्या भाजीच्या कुटाची सोय अशी व्हायची. दुकानात येणारे विचारायचे, "वहिनी, आज किती झाल्या?" आणि त्या म्हणायच्या, "ब पस्तोर अर्धी वाटी. आज चांगला चालतोय."

"दुसरी बसवा की आता माझी," असं त्यांनी रंगनाथला म्हटलेलं मी ऐकलं आहे. तो म्हणायचा, "बसवतो. पाच मिन्टाचं काम हाय." ते खरंच पाच मिनिटांचं होतं. दोन स्क्रू काढायचे, शटरला हात लावायचा, पट्टी दाबायची, दोन्ही बाजूंनी चट्ट.

पहिल्यांदा ती पट्टी गेली ती तेलगावला. पीकविम्याचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. तेलगावच्या एका सेवा केंद्राचा चालक बालाजी मोटारसायकलवर आला. त्याच्या संगणकातली पट्टी जळाली होती. त्याच जातीची पट्टी गावात कुणाकडे नव्हती. रंगनाथने डबा उघडला, पाकिटं मागे सारली आणि सुमनचं पाकीट काढलं.

"ते माझं हाय," सुमनताई म्हणाल्या.

"तुझं काय, तू हितंच हाईस. त्याच्या दारात मानसं उभी हायेत."

बालाजी ओशाळून दारातच थांबला. सुमनताईंनी त्याच्याकडे पाहिलं. "ने बाबा. माझ्या शेंगा कुठं पळून चालल्यात?"

रंगनाथने पंधरा दिवसांत दुसरी पट्टी आणली, पाकिटात घातली, जुनी तारीख खोडून नवी लिहिली. दुसऱ्या वेळी ती एका ग्रामपंचायतीत गेली. तिसऱ्या वेळी टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीकडे. दर वेळी तेच वाक्य. तू हितंच हाईस. दर वेळी कारण खरं होतं आणि समोरच्याची अडचण मोठी होती. रंगनाथने कुणाच्या जिवावर मोठेपणा मिरवला असं मला म्हणायचं नाही. त्याने नेमात बसेल तेच केलं. जो परत येणार, तो थांबू शकतो. आणि सुमनताई तर कुठे जाणारच नव्हत्या.

चौथ्या वेळी ती पट्टी माझ्या संगणकात गेली.

माझाही संगणक रंगनाथनेच जोडलेला. त्यातली दुसरी खाच तोवर भरलेली होती. माझं पाकीट मी वर्षापूर्वीच नेलं होतं. नगरपालिकेच्या निवडणुकीच्या आठवड्यात दोनपैकी एक पट्टी खराब झाली. एकीवर काम झालं असतं. फोटो सावकाश गेले असते, इतकंच. रंगनाथ म्हणाला, "इलेक्शन हाय, थांबा," आणि डबा उघडला. मी नको म्हणालो नाही. सुमनताईंच्या पडद्यावर तेव्हा र चं पान होतं, अर्धं रंगवलेलं. रानातल्या रस्त्याचं चित्र. त्या म्हणाल्या, "पत्रकार, माझ्या पट्टीवर चांगली बातमी लिवा. खोटी लिवली तर बंद पडंल."

चार महिन्यांनी माझी बदली झाली. संगणक सोबत नेला. दोन वर्षांनी तो भंगारात दिला. पट्ट्या काढून घ्यायचं माझ्या लक्षात आलं नाही.

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. रंगनाथने सांगितलं ते आणि पाकिटावरच्या तारखा, एवढ्याच आधारावर लिहितो आहे.

त्या जातीच्या पट्ट्या बाजारातून गेल्या होत्या. नवे संगणक वेगळ्या जातीचे येत होते. रंगनाथ नव्या संगणकाचं म्हणाला तेव्हा सुमनताईंनी नको म्हटलं. अक्षरांचं सगळं बस्तान जुन्यात होतं. तो संभाजीनगरला जाईल तेव्हा जुन्या मालाच्या दुकानांत शोधायचा. अखेर जून महिन्यात एक मिळाली. सुमनच्या पट्टीशी जुळणारी. त्याने तपासली, दात पुसले, पाकिटात घातली, तारीख लिहिली. दुकानात प्रवेशाच्या अर्जांची गर्दी होती. सकाळी नऊलाच रांग लागायची. गर्दी ओसरली की बसवू, असं ठरलं. कुणी ठरवलं, हे मी विचारलं. "मीच," तो म्हणाला.

पाकिटावरच्या तारखेपासून एकविसाव्या दिवशी सुमनताईंना ताप आला. तिसऱ्या दिवशी अंबाजोगाईला नेलं. सहाव्या दिवशी त्या गेल्या. वय एकेचाळीस. आजाराचं नाव कागदावर आहे. रंगनाथने तो कागद मला वाचायला दिला आणि परत घेऊन घडी घालून ठेवला.

मला बातमी कळली ती आठ दिवसांनी, बालाजीच्या फोनवरून. जाणं झालं ते आणखी महिन्याने.

दुकान उघडं होतं. रंगनाथ त्याच्या टेबलावर नव्हता, सुमनताईंच्या टेबलावर बसला होता. मी स्टूल ओढलं. रसवंतीचा घुंगरू वाजत होता. मग त्यानेच सुरुवात केली, एखाद्या कामाचा अहवाल द्यावा तशी.

"तिच्या जलदानाचा कार्यक्रम झाला. पाव्हने गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. नऊ वाजता. तिच्या कंपूटरचा डबा खोलला. शटरला हात लावला. पट्टी बसवली. चार फाइली व्हत्या, त्या एकत्र केल्या. तिनं कवाच एकत्र बघितल्या न्हवत्या. अ पासून सगळं एका जागी तिनं बघितलंच न्हाई, पत्रकार."

टेबलावर स्टीलची वाटी होती. तळाशी थोड्या शेंगा.

"वाटी तशीच व्हती. तिनं अर्धी ठेवलेली. मी क्लिक केलं अन् एक शेंग घेतली. म्हटलं बघू तर." त्याने बोटांनी शेंग फोडल्याची खूण केली. "तिसरी सोलायच्या आत उघडली."

मी वाटीकडे पाहिलं.

"तीन शेंगा," तो म्हणाला. "इतकी वर्सं ती वाटी भरत व्हती. अन् काम तीन शेंगांचं."

त्याने मला पुस्तक दाखवलं. एकेक पान, वरून खाली. अ अडकित्त्याचा. आ आईचा, आईच्या डोक्यावर मोळी, चेहरा दिसत नाही, फक्त पाय आणि लुगड्याचा ओचा. च चुलीचा, तीन दगड, वर पातेलं, शेजारी झोपलेलं लहान मूल. ब बैलाचा; बैल बसलेला. मी विचारलं, उभा का नाही? "ती म्हनायची, बैल उभा सगळेच काढतेत. बसलेला फक्त कोपीवरच्या पोरांनी बघितलेला असतो." र चं पान पूर्ण झालं होतं. रस्त्यावर टायरगाडीच्या चाकांचे दोन माग होते, लांबपर्यंत गेलेले. शेवटी ज्ञ. मोठं अक्षर, त्याखाली चौकट, चौकट रिकामी.

मी छपाईचं बोललो. बीडमध्ये ओळखीचा छापखाना होता, कागद मिळवता आला असता. रंगनाथने नकारार्थी मान हलवली.

"ज्ञ राह्यलाय."

"तो कुणीही काढील."

"कोन काढील? तिनं संपलं म्हनलेलं न्हाई."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. निघताना माझ्या संगणकात गेलेल्या पट्टीबद्दल बोललो; ती भंगारात गेल्याचं सांगितलं. सांगणं गरजेचं होतं. तो म्हणाला, "तुमी मागितली न्हवती. मी दिली." थोड्या वेळाने म्हणाला, "तुमी एकटे न्हाई. चौघांना दिली. तिला सोडून."

त्या पावसाळ्यात त्याने स्टीलचा डबा रिकामा केला. हे मला बालाजीने सांगितलं. रंगनाथ मोटारसायकलवर गावोगाव फिरला, पाकिटावरची नावं शोधत. ज्यांचे संगणक चालू होते त्यांच्या दुसऱ्या पट्ट्या बसवून दिल्या. ज्यांचे केव्हाच मोडीत गेले होते, त्यांच्या हातात पाकीट ठेवलं. लोक म्हणाले, भाऊ, आता याचा उपयोग नाही. तो म्हणाला, नाव तुमचं आहे. पाटोद्यालाही गेला. तिथे द्यायला पाकीट नव्हतं, गुरुजींची जोडी पहिल्या दिवशीच दिलेली. गुरुजी ब्याऐंशी वर्षांचे, आठवणींच्या तिसऱ्या वहीवर. रंगनाथने त्यांच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या आणि चहा न घेता परत आला.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते गेल्या दिवाळीआधी. दुपारची वेळ होती. तोडीला जाणाऱ्या गाड्या बसस्थानकासमोरून चालल्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या आणि त्यावर बसलेली माणसं. दुकानात एक शिक्षिका आल्या होत्या, तिशीच्या आतल्या. तेलगावच्या बाजूच्या एका गावात, तोडीवर गेलेल्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात शिकवायच्या. वसतिगृहाला एक संगणक हवा होता. बजेट लहान. त्यांनी कुठून तरी माहिती काढली होती.

"भाऊ, रॅम एकच बसवा. दुसरी खाच मोकळी राहू द्या. पुढच्या वर्षी बसवू. मी इथंच आहे."

रंगनाथने त्यांच्याकडे बघितलं. तो प्रश्न त्याने त्यांना विचारला नव्हता. बालाजी सांगतो, आता तो कुणालाच विचारत नाही.

"म्याडम, कॅबिनेट साधं लावलं तर चालंल का?"

"चालेल."

"कीबोर्ड जुना देतो. चांगला हाय."

"चालेल की. पण कशासाठी?"

त्याने शटरला हात लावला. जोडीचं पुडकं फोडलं, एक पट्टी बसवली, मग दुसरी. चार वेळा चट्ट आवाज आला. शिक्षिका पुढे होऊन भरलेल्या दोन्ही खाचा बघू लागल्या.

संगणक सुरू झाला. रंगनाथने खिशातून पेन ड्राइव्ह काढला, त्यातली एक फाईल संगणकात उतरवून घेतली. मग सुमनताईंच्या टेबलावरची वाटी पुढे ओढली, एक शेंग हातात घेतली आणि फाईलवर टिचकी मारली. शेंग सोलून व्हायच्या आत पडद्यावर अ आला. नंतर आ, आई, डोक्यावर मोळी. तो शेवटापर्यंत पानं सरकवत गेला. रिकाम्या चौकटीपाशी क्षणभर थांबला आणि फाईल बंद केली.

"झालं तपासून," तो म्हणाला. "घेऊन जा."

शिक्षिका पडद्याकडे वाकल्या. वर कोपऱ्यात फाईल दिसत होती. तिचं नाव होतं 'सुमन'.

"भाऊ, ही तुमची फाईल राहिली यात. काढता ना?"

मधल्या काळात माजलगावकडे आलो तेव्हा बालाजीच्या केंद्रात मी या नावाची फाईल पाहिली होती. ग्रामपंचायतीच्या संगणकावरही पाहिली होती आणि कुणाची म्हणून विचारलं होतं. तेव्हा लक्षात आलं नव्हतं. सुमनताई गेल्यानंतर या दुकानातून गेलेल्या, दुरुस्त होऊन परत गेलेल्या प्रत्येक संगणकावर ती होती.

रंगनाथ वायर गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या म्याडम," तो म्हणाला. "दोन पट्ट्या हायेत. जड न्हाई जायची."